स्तनाच्या कर्करोगात व्यायाम: मात्रा, वेळ आणि मर्यादा

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बाईला आपल्या घरात पहिला सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. 'आता काही करू नकोस, पडून राहा', 'त्या हाताने काही उचलायचं नाही' हे शब्द मायेपोटी येतात, आणि कित्येकदा डॉक्टरांच्या खोलीतूनही तेच ऐकू येतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनाने हा सल्ला बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीचा ठरवला आहे. तरीही तो दिला जातो आणि पाळला जातो. त्यामुळे रोगातून बरी झालेली बाई अनेकदा आखडलेला खांदा, गळालेले स्नायू आणि न संपणारा थकवा घेऊन पुढची वर्षे काढते.

जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना या रोगाचे नव्याने निदान झाले. शंभरातला साधारण एक रुग्ण पुरुष असतो. त्यालाही पुढचे बहुतेक विवेचन लागू पडते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग सरासरी दहा वर्षे लवकर गाठतो. म्हणजे उपचार संपल्यावर कमावण्याची, मुले वाढवण्याची, घर चालवण्याची बरीच वर्षे समोर असतात. ती कोणत्या शरीराने जगायची, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम मानता येत नाही.

या लेखाचे प्रतिपादन असे: व्यायाम हा या रोगाच्या उपचाराचाच एक घटक आहे. औषधाप्रमाणे त्याला मात्रा आहे, सुरू करण्याची योग्य वेळ आहे आणि मर्यादाही आहेत. म्हणून तो फाइलमध्ये गोळ्यांच्या शेजारी लिहून दिला गेला पाहिजे. या प्रतिपादनाला पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे अपुरा, हेही पुढे स्पष्ट केले आहे.

1. उपचार शरीरात काय बदल घडवतात

व्यायामाची गरज समजायची तर आधी उपचारांचे शरीरावरचे परिणाम पाहायला हवेत. प्रत्येक उपचार वेगळ्या जागी घाव घालतो.

शस्त्रक्रियेत स्तनाचा भाग किंवा पूर्ण स्तन काढला जातो आणि काखेतल्या लसिका ग्रंथी तपासल्या किंवा काढल्या जातात. छातीवरची त्वचा आणि स्नायू आवळतात, खांदा वर जायला नकार देतो. काहींच्या काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या दोरीसारखी शीर हाताला लागते आणि हात सरळ केला की ओढते. काखेतून लसिकेचा निचरा कमी झाला की हाताला सूज येऊ शकते. हिला लिम्फेडिमा म्हणतात. 2013 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या एका मोठ्या संकलनानुसार साधारण सहातल्या एका रुग्णाला ती होते. काखेतल्या ग्रंथी सरसकट काढल्या तर हे प्रमाण सुमारे 20 टक्के, आणि केवळ पहारेकरी (सेंटिनेल) ग्रंथी, म्हणजे स्तनातली लसिका सर्वांत आधी पोहोचते त्या, काढून तपासल्या तर सुमारे 6 टक्के.

केमोथेरपीत स्नायू घटतात, चरबी वाढते, रक्त कमी होते आणि थकवा येतो. हा थकवा झोपेने जात नाही, हे त्याचे मुख्य लक्षण. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी तळपाय-तळहात बधिर होतात, मुंग्या येतात, तोल जातो. लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिनचा आणि हर-टू पॉझिटिव्ह रोगात दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. टू-डी इको वारंवार करायला सांगतात ते यासाठी. रेडिएशनने, म्हणजे रुग्णांच्या भाषेत 'शेक' घेतल्याने, छातीतल्या आणि काखेतल्या ऊती हळूहळू घट्ट होत जातात, आणि ही प्रक्रिया शेक संपल्यावरही महिनोन्महिने चालू राहते.

संप्रेरकांवर अवलंबून असलेल्या रोगात पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात. सांधेदुखीला कंटाळून गोळ्या मध्येच सोडणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत, आणि गोळ्या सोडल्या की रोग उलटण्याचा धोका वाढतो.

या सगळ्याची बेरीज 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसली. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता मोजली, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची क्षमता त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या निरोगी स्त्रियांपेक्षाही सरासरी 27 टक्के कमी भरली. जिना चढताना लागणारी धाप ही मनाची कमजोरी नसते. ती मोजता येणारी शारीरिक घट असते, आणि विश्रांतीने ती भरून येत नाही.

2. जुना सल्ला आणि तो बदलण्याची कारणे

'त्या हाताने काही उचलू नका' या सल्ल्यामागे एक तर्क होता. हाताचा वापर वाढला की रक्तपुरवठा वाढतो, लसिका जास्त तयार होते; निचऱ्याचे मार्ग कमी झालेले असतात, म्हणून सूज येईल. तर्क सुसंगत वाटतो, पण त्यात एक गोष्ट सुटली. लसिकावाहिन्यांना हृदयासारखा मध्यवर्ती पंप नसतो. वाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनाबरोबरच स्नायूंच्या हालचालीने लसिका पुढे ढकलली जाते. हात न वापरल्याने स्नायू क्षीण होतात, निचऱ्याची ही मदत तुटते, आणि मग रोजचे साधे कामही त्या हाताला जड जाते.

हा तर्क तपासण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. 1980 च्या दशकात अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो चालू असलेल्या स्त्रियांना स्थिर सायकलवर नियंत्रित व्यायाम दिला. त्यांची क्षमता घटण्याऐवजी वाढली. केमो चालू असताना व्यायाम शक्य आहे, हे त्यातून प्रथम नीट दिसले.

1996 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या रोगातून गेलेल्या 24 स्त्रियांचा ड्रॅगन बोटीचा संघ उभा केला. लांब नाव, समोर मांडलेली वल्ही आणि खांदे, दंड, पाठ यांची जोरकस, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल, म्हणजे तेव्हा ज्याला सक्त मनाई होती नेमके तेच. मॅकेन्झी यांनी 1998 मध्ये लिहिलेल्या अहवालानुसार त्यांतल्या एकीलाही नव्याने लिम्फेडिमा झाला नाही. हा प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्याने काही सिद्ध केले असे म्हणता येत नाही. मात्र त्याने मनाईवर प्रश्नचिन्ह लावले.

उत्तर मिळाले ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरिन श्मिट्झ यांच्या चाचणीतून. 2009 च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तिचा पहिला भाग आला. हातावर आधीच सूज असलेल्या 141 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजने उचलली, दुसऱ्याने उचलली नाहीत. वजने उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रमाण त्यांच्यात 14 टक्के राहिले, तर न उचलणाऱ्यांत 29 टक्के. दुसरा भाग 2010 मध्ये आला. सूज नसलेल्या पण होण्याचा धोका असलेल्या 154 स्त्रियांपैकी वजने उचलणाऱ्या 11 टक्क्यांना आणि न उचलणाऱ्या 17 टक्क्यांना सूज आली. पाच किंवा अधिक ग्रंथी काढलेल्यांत हा फरक 7 आणि 22 टक्के असा होता.

या चाचणीतली पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण सुरक्षितता त्या पद्धतीत आहे. सुरुवात जवळजवळ शून्य वजनाने झाली. दहा-दहा वेळा उचलण्याच्या तीन फेऱ्या दोन सत्रांत त्रास न होता पूर्ण झाल्या, तरच वजन वाढवायचे, आणि तेही उपलब्ध असलेल्या लहानांत लहान टप्प्याने. हात जड वाटला, घट्ट वाटला, तर वाढ थांबवायची. पहिले 13 आठवडे प्रशिक्षकाच्या नजरेखाली. सूज असलेल्या स्त्रिया व्यायामाच्या वेळी मापाची दाबबाही (हाताला दाब देणारी घट्ट बाही) घालत. वजनाची वरची मर्यादा मात्र कोणाला घालून दिलेली नव्हती. हाताची क्षमता जिथवर वाढेल तिथवर वजन वाढत गेले. यावरून निष्कर्ष निघतो तो असा: हाताला धोका वजनाचा कमी आणि अचानकपणाचा जास्त. महिनोन्महिने हलका ठेवलेला हात एके दिवशी पाण्याची भरलेली बादली उचलतो, तेव्हा खरा धोका असतो.

3. टप्प्यानुसार व्यायाम

अ) शस्त्रक्रियेनंतर. पहिल्या दिवसापासून बोटे उघडझाप करणे, मनगट व कोपर हलवणे, खांदे मागे गोल फिरवणे आणि दीर्घ श्वास घेणे चालते. जखमेत नळी असेतोवर, साधारण पहिला आठवडा, हात खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नये. फार लवकर मोठ्या हालचाली केल्या तर खांदा लवकर मोकळा होतो खरा, पण जखमेतून पाझरणारे पाणी वाढते, असे अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसले आहे. त्याच हाताने विंचरणे, घास घेणे, ब्लाऊजचे हूक लावणे ही कामे मात्र सुरू ठेवावीत.

नळी निघाल्यावर आणि सर्जनने परवानगी दिल्यावर मुख्य व्यायाम येतो तो भिंतीवर बोटे चढवण्याचा. भिंतीकडे तोंड करून वीतभर-दीड वीत अंतरावर उभे राहायचे. दोन्ही हातांची बोटे भिंतीवर टेकवून मुंगीच्या चालीने वर न्यायची. ओढ जाणवेल तिथे थांबायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि तसेच सावकाश खाली यायचे. खांदा कानाकडे उचलून उंची चोरायची नाही. बरी बाजू कुठवर जाते तिथे पेन्सिलीने खूण करायची; शस्त्रक्रियेच्या बाजूचे उद्दिष्ट तेच. एका वेळी पाचदा, दिवसातून दोन-तीनदा. नंतर भिंतीकडे कूस करून हात बाजूने चढवायचा. ओढ जाणवणे योग्य; कळ येणे अयोग्य.

याला घाई असण्याचे व्यावहारिक कारण आहे. शेक घेताना हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. खांदा तोवर उघडला नसेल तर शेकाचे नियोजनच अडते.

अशा देखरेखीखालच्या व्यायामाचा पुरावा चांगला आहे. ब्रिटनमधल्या 17 केंद्रांत 392 स्त्रियांवर झालेल्या 'प्रॉस्पर' चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. खांद्याचा त्रास होण्याचा धोका जास्त असलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना केवळ माहितीपत्रके दिली, निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर 7 ते 10 दिवसांनी फिजिओथेरपिस्टने आखलेला कार्यक्रम दिला. वर्षअखेरीस दुसऱ्या गटाचा हात जास्त चालत होता, वेदना कमी होत्या, आणि लिम्फेडिमा वाढलेला नव्हता. स्पेनमधल्या 120 स्त्रियांच्या 2010 च्या चाचणीत लवकर फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी 7 टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी 25 टक्क्यांना वर्षभरात लिम्फेडिमा झाला. कागदावर चित्रे छापून देणे आणि माणसाने समोर उभे राहून करून घेणे, यातला फरक या आकड्यांत आहे.

स्तनाची पुनर्रचना केली असेल तर नियम वेगळे. पोटाची किंवा पाठीची ऊती घेतली असेल, तर त्या भागावर ताण कधी द्यायचा हे प्लॅस्टिक सर्जननेच सांगावे.

आ) केमो चालू असताना. इथे उद्दिष्ट क्षमता वाढवण्यापेक्षा ती घसरू न देण्याचे असते. केमोच्या दर चक्रात चांगले आणि वाईट दिवस जवळजवळ ठरलेले असतात. सलाईनच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस घरातल्या घरात पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या पुरतात. पुढच्या आठवड्यापासून वेळ वाढवावा.

थकलेल्याला चालायला सांगणे क्रूर वाटते. पण 2017 मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त 113 अभ्यासांचे एकत्र विश्लेषण आले. त्यात कर्करोगातल्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा अधिक गुणकारी ठरले. कॅनडात 242 स्त्रियांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोच्या काळात वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना ठरलेल्या मात्रेतली केमो अधिक प्रमाणात पूर्ण करता आली. हा शेवटचा निष्कर्ष मात्र नंतरच्या सगळ्या चाचण्यांत सारखा आलेला नाही. जीवनाची गुणवत्ता हे त्या चाचणीचे मूळ उद्दिष्ट होते. त्यात ठळक फरक पडला नव्हता, हेही सांगायला हवे.

योगाभ्यासाचा उपयोग या टप्प्यावर विशेष आहे. बंगळूरुमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत केमो घेणाऱ्या ज्या रुग्णांनी योग केला, त्यांच्यात मळमळीचे प्रमाण आणि तीव्रता दोन्ही कमी आढळली. मात्र योगाने स्नायूंना पुरेसा भार मिळतोच असे नाही. म्हणून योग चालण्याच्या आणि वजनांच्या जोडीला घ्यावा.

इ) शेक चालू असताना. रोज रुग्णालयात जाणे-येणे हाच मोठा प्रवास असतो. तरी चालणे सुरू ठेवावे आणि खांद्याचे ताण रोज घ्यावेत. कपडे सैल, सुती असावेत. त्वचा सोलवटली असेल तर तिथे घर्षण होईल अशी हालचाल टाळावी, पोहणे बंद ठेवावे. शेक संपला म्हणून ताण देणे थांबवू नये. ऊती पुढे अनेक महिने आवळत असतात, म्हणून खांद्याचे व्यायाम निदान वर्ष-दोन वर्षे दिनक्रमात असावेत.

ई) गोळ्यांच्या वर्षांत. हा सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 121 स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत सांधेदुखीने त्रस्त असलेल्यांना वर्षभर आठवड्याला दोन वेळा वजने आणि 150 मिनिटे चालणे असा कार्यक्रम दिला. त्यांची सर्वाधिक वेदना 29 टक्क्यांनी उतरली. नेहमीच्या दिनक्रमात राहिलेल्यांची 3 टक्क्यांनी वाढली. हाडांसाठीही याच टप्प्यात भार घेणारा व्यायाम हवा. बधिर पायांसाठी ओट्याला हात टेकवून एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. पडण्याचा धोका त्याने कमी होतो.

उ) रोग शरीरात पसरलेला असताना. 'आता व्यायामाचा काय उपयोग' हा प्रश्न इथे सर्वांत जास्त विचारला जातो. युरोपातील पाच देश आणि ऑस्ट्रेलिया यांत मिळून पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 357 रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. नऊ महिने आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांचा थकवा कमी झाला आणि जीवनाची गुणवत्ता सुधारली. हाडांत रोग असेल तर त्या हाडावर थेट भार, कमरेतून जोरात पिळणे, वाकून वजन उचलणे, उड्या हे टाळायचे. अशा रुग्णाचा कार्यक्रम स्कॅन समोर ठेवूनच आखावा. पण रोग पसरलाय म्हणून खाटेवर खिळवून ठेवणे याला शास्त्राचा आधार नाही.

4. मात्रा

2018 मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांची एक परिषद अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावली. तिच्या 2019 मध्ये छापलेल्या शिफारशींचा गाभा सोपा आहे: आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी 30 मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा मुख्य स्नायूंसाठी भाराचा व्यायाम, प्रत्येकी 8 ते 15 वेळांच्या दोन फेऱ्या. एवढ्याने आठ ते बारा आठवड्यांत थकवा, चिंता, नैराश्य आणि शारीरिक क्षमता यांत फरक दिसतो. उपचार संपून प्रकृती स्थिरावली की जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सर्वांसाठी सांगितलेल्या आठवड्याला 150 ते 300 मिनिटांकडे सरकावे.

'मध्यम दम' ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम दम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला.

वजनांसाठी जिम लागत नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो. तिने सुरुवात करावी. खुर्चीवरून हात न टेकवता उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकवून ढकलणे, बाटली धरून कोपर वाकवणे, टाचा उचलणे, एवढ्या पाच-सहा प्रकारांनी मुख्य स्नायू येतात. वाढ श्मिट्झ यांच्या नियमाने करावी: दोन सत्रे विनात्रास, मग एक लहान पायरी वर. मध्ये आठवडाभर खंड पडला तर वजन पुन्हा उतरवून सुरुवात करावी. हातावर आधीपासून सूज असेल तर दाबबाही घालावी आणि दर महिन्याला दोन्ही हातांचा घेर ठरावीक जागी टेपने मोजून वहीत लिहावा.

5. केव्हा थांबायचे

ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, तर व्यायाम बंद आणि लगेच रुग्णालयाशी संपर्क. हिमोग्लोबिन 8 च्या खाली, प्लेटलेट्स 50 हजारांच्या खाली असताना वजने आणि जोराचा व्यायाम थांबवावा. हलके चालणे चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीची जिम आणि तरणतलाव टाळावेत. छातीत दुखणे, घेरी, विश्रांतीतही धाप, एकाच पायाच्या पोटरीत सूज आणि वेदना, नव्याने सुरू झालेली व रात्री वाढणारी हाडदुखी, ही लक्षणे व्यायामाने 'जिरवायची' नसतात, तपासून घ्यायची असतात. हात लाल, गरम, दुखरा झाला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे प्रतिजैविके लागतात.

हाताची काळजी घेताना भीती कोणत्या गोष्टीची ठेवायची हेही पुराव्याने ठरवावे. बोस्टनमधल्या 632 रुग्णांच्या 2016 च्या अभ्यासात त्या हातावर रक्तदाब मोजणे, रक्त काढणे किंवा विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी ठळक संबंध आढळला नाही. जंतुसंसर्ग आणि जास्त वजन यांचा आढळला. म्हणजे तव्याचा चटका, विळीची काप, बागेतला काटा यांपासून हात जपणे आणि वजन आटोक्यात ठेवणे, याला जास्त महत्त्व आहे.

6. व्यायामाने आयुष्य वाढते का?

इथे शास्त्राने दिलेल्या उत्तरापेक्षा एक शब्दही जास्त बोलू नये. अमेरिकेतील 2,987 परिचारिकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. निदानानंतर आठवड्याला तीन ते पाच तास सरासरी वेगाने चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. पण हे निरीक्षण आहे. ज्यांची प्रकृती मुळातच बरी त्याच जास्त चालू शकल्या, अशीही शक्यता उरते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र ही शंका फिटली. केमो संपलेल्या 889 रुग्णांवर झालेल्या 'चॅलेंज' चाचणीत तीन वर्षांचा आखीव व्यायाम मिळालेल्यांपैकी 90.3 टक्के आठ वर्षांनंतर हयात होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी 83.2 टक्के. हे निष्कर्ष 2025 मध्ये आले. स्तनाच्या कर्करोगात याच तोडीची, जगण्याचा निर्णायक पुरावा देणारी चाचणी अजून पूर्ण झालेली नाही. म्हणून 'व्यायाम करा, रोग परतणार नाही' असे आश्वासन कोणी देऊ नये. त्यातून आणखी एक अन्याय होतो. ज्या बाईचा रोग उलटतो, तिला वाटू लागते की आपण कमी चाललो म्हणून हे झाले. तसे मुळीच नाही. थकवा, वेदना, खांद्याची हालचाल, ताकद यांवरचा सिद्ध झालेला फायदा हे व्यायाम करण्याला पुरेसे कारण आहे.

7. घरकाम आणि घरचे वातावरण

'दिवसभर राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?' हा आपल्याकडचा रास्त प्रश्न आहे. घरकाम ही शारीरिक हालचाल आहे आणि बसून राहण्यापेक्षा ती केव्हाही बरी. पण तिला व्यायामाचे तीन गुण नसतात. पहिला, क्रमाने वाढणारा भार: घागर पहिल्या दिवशीही पंधरा किलोची आणि शेवटच्या दिवशीही. दुसरा, पूर्ण कक्षेतली हालचाल: पोळ्या लाटताना, भांडी घासताना हात खांद्याच्या खालीच राहतो आणि खांदा पुढे ओढला जातो, शस्त्रक्रियेनंतर त्याला उलट दिशेने उघडायचे असते. तिसरा, सलग दम लागणे. अपवाद आहेत: दोरीवर कपडे वाळत घालणे हा खांद्यासाठी उत्तम व्यायाम आहे, तो आवर्जून त्या हाताने करावा. पाणी भरणे, धुणे पिळणे, दळणाचा डबा उचलणे ही कामे ताकद येईपर्यंत घरातल्या इतरांनी करावीत. ती कायमची बंद करायची नाहीत, तिथवर पोहोचण्यासाठीच वजनांचा क्रम आहे.

अडचणी वेगळ्याही आहेत. केस गेलेले असताना, छातीचा आकार बदललेला असताना बाहेर पडायला संकोच वाटतो. शेजारीपाजारी 'आजारी आहे ना, मग फिरते कशी' असे बघतात. शेतमजूर बाईला उपचारांच्या खर्चापुढे फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या परवडत नाहीत, तालुक्याच्या गावी तसा तज्ज्ञ मिळतही नाही. इथे घरच्यांची साथ औषधाइतकी मोलाची ठरते. नवऱ्याने किंवा लेकीने संध्याकाळी सोबत चालायला जावे. बाहेर जाणे नकोसे असेल तर गच्चीवर, अंगणात फेऱ्या माराव्यात. केमोच्या वॉर्डात, शेकाच्या रांगेत रोज भेटणाऱ्या बायकांना एकत्र करून एका फिजिओथेरपिस्टने अर्धा तास व्यायाम घेतला, तर त्याला इमारत लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही.

निष्कर्ष

व्यायाम सुरक्षित आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसापासून रोग पसरलेल्या अवस्थेपर्यंत तो योग्य रूपात करता येतो, आणि थकवा, वेदना, खांदा, ताकद व हाताची सूज यांवर त्याचा उपयोग दाखवता येतो, एवढे पुराव्यानिशी सांगता येते. उरते ते अंमलाचे. ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्येच व्यायाम हा प्रत्येक कर्करुग्णाच्या नेहमीच्या उपचारांचा भाग असावा अशी भूमिका घेतली. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये उपचार चालू असतानाच्या व्यायामाची शिफारस केली. आपल्याकडच्या डॉक्टरांना विनंती आहे की 'थोडं चालत जा' एवढ्यावर थांबू नका. किती मिनिटे, आठवड्यातून किती वेळा, किती वजनाने आणि कोणत्या लक्षणावर थांबायचे, हे फाइलमध्ये लिहा. आणि जिच्यावर उपचार चालू आहेत तिला सांगणे आहे: पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'काय करू नको?' असे विचारण्याआधी 'काय करू, आणि किती करू?' असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत वाट पाहू नका. अंगात ताप नसेल, चक्कर नसेल, तर आजच घरातल्या घरात दहा मिनिटे चाला.